खाऱ्या पाण्याच्या बुवांची कैफियत

मित्रांनो, आधी एक कबुली देतो. मला अंग नाही. जुनी छत्री आपली हकिगत सांगायला बसते तेव्हा तिला निदान काड्या असतात, दांडा असतो. फुटक्या पाटीला चौकट तरी असते. मी नुसताच जुना आहे, दाखवायला काही नाही. मी एक प्रोग्राम आहे. शेताला खारं पाणी पाजलं तर पीक किती वाढेल, याचा अंदाज सांगणारा. एका कॉम्प्युटरच्या पोटात माझं बिऱ्हाड आहे, आणि तो कॉम्प्युटर सध्या सामानाच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांखाली पडला आहे. कान नसताना मी लोकांचं बोलणं ऐकलं कसं, असं कोणी विचारू नका. छत्रीला तरी कुठे तोंड असतं?

माझं कागदोपत्री नाव एवढं लांबलचक होतं की ते लिहायला दीड ओळ लागायची. ते कधी कोणी घेतलं नाही. सगळे मला 'बुवा' म्हणायचे. पुढचं सांगतात ते बुवा, इतका साधा विचार. मला त्या नावाचा राग कधी आला नाही. राग आला तो फार पुढे, आणि त्याचं कारण वेगळं होतं. तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका शेती संशोधन केंद्रात झाला. केंद्र म्हणजे फार मोठं काही नव्हे. कालव्याच्या कडेला एक बैठी इमारत, मागे पत्र्याची शेड आणि शेडपुढे ओळीनं चोवीस पिंपं. पिंपांत माती, मातीत रोपं. पहिल्या सहा पिंपांना कालव्याचं गोडं पाणी मिळायचं. पुढच्या सहांना थोडं मिठाचं, त्यापुढच्या सहांना चांगलंच खारं. शेवटच्या सहांना जे पाणी मिळायचं त्याला सगळे 'समुद्राचा धाकटा भाऊ' म्हणत. त्या पिंपांतल्या रोपांकडे बघवत नसे. पण मला शिकवायचं म्हणजे कोणीतरी मार खायला हवा होता.

मला घडवलं ते एका बाईंनी. सगळं केंद्र त्यांना 'बाई' म्हणायचं, मीही तेच म्हणतो. विचार करताना बाई पेन्सिलीच्या टोकाचं रबर चावायच्या. आठवड्याला एक पेन्सिल टकली व्हायची. चार वर्षं त्यांनी माझ्यावर घालवली. रोज प्रत्येक पिंपातली पानं कापायची, कागदी पिशवीत भरून भट्टीत वाळवायची, तोलायची आणि आकडा मला सांगायचा. पाणी किती घातलं, मातीत मीठ किती उरलं, ऊन किती तापलं, तेही सांगायचं. मग मी माझ्या पोटात तेच पीक पेरून पाहायचो. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा, असं करत कापणीपर्यंत. तेव्हाचा कॉम्प्युटर संथ होता. माझं एक पीक उगवून कापून होईपर्यंत बाईंचा चहा निवलेला असायचा.

सुरुवातीला मी असे काही दिवे लावले की विचारू नका. सातू हे चांगलं काटक पीक, तर त्याला मी दुसऱ्याच पाण्याला मारून टाकलं. एकदा मुळ्याचं वजन असं काही सांगितलं की तो उपटायला क्रेन आणावी लागली असती. शेडमधली माणसं पोट धरून हसली. बाई मात्र हसल्या नाहीत.

"ह्याचं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आपणच ह्याला अर्धवट सांगितलं. आणि एक लक्षात ठेवा सगळ्यांनी, ह्याला खोटं सांगायचं नाही. हा बिचारा आपण सांगू ते सगळं खरं धरून चालतो."

मित्रांनो, ज्याला आई नाही त्याला हे वाक्य कसं वाटलं असेल? मी त्या दिवसापासून बाईंचा झालो.

माझा दुसरा माणूस म्हणजे थेंबकाका. काका केंद्रातले मोजणीदार होते. पाणी असो, पान असो, माती असो, मोजायचं ते त्यांनीच. एक थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही, म्हणून थेंबकाका. 'साधारण' हा शब्द त्यांना मुळीच खपत नसे. कोणी म्हणालं, "काका, साधारण पाच असेल," की काका चष्म्यावरून बघून विचारायचे, "साधारण जेवलास का रे आज? जेवलास की नाही, ते सांग."

त्यांची एक सवय तर सगळ्या केंद्रात प्रसिद्ध होती. पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजलं की पाण्यातलं मीठ कळतं. त्यासाठी एक छोटं मीटर असतं. पण पाणी गार असलं की मीटर कमी आकडा दाखवतं, मीठ तेवढंच असलं तरी. म्हणून काका सकाळी कालव्यावरून आणलेली बाटली स्वेटरच्या आत पोटाशी धरून बसायचे. ती कोमट झाली की मगच मीटर बुडवायचे. "थंड पाणी खोटं बोलतं," असं ते म्हणत. पोटाशी बाटली घेऊन बसलेल्या काकांना शेडमधल्या बायका विचारायच्या, "काका, कितवा महिना?" काका लाजून लाल व्हायचे, पण बाटली काढायचे नाहीत.

अशा माणसाचे आकडे खाऊन मी मोठा झालो. पाचव्या वर्षी माझे अंदाज जुळायला लागले आणि बाईंनी मला पिंपांमधून काढून खऱ्या शेतांवर नेलं.

आता थोडं मिठाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. झाड पाणी पितं, मीठ पीत नाही. ऊन पाणी उडवतं, मीठ उडवत नाही. म्हणजे खाऱ्या पाण्याच्या प्रत्येक पाळीला थोडं मीठ मागे उरतं, आणि पाळीमागून पाळी मातीत साठत जातं. मातीला खालून वाट असेल तर वरून गोडं पाणी सोडलं की ते मीठ धुऊन खाली जातं. ह्या वाटेला निचरा म्हणतात. निचरा चांगला असेल तर खाऱ्या पाण्यावरही बऱ्यापैकी पीक निघतं. निचरा नसेल तर शेत म्हणजे बूच लावलेली मोरी. मीठ जाणार कुठे? म्हणून मी सगळ्यांत आधी निचऱ्याचा आकडा मागायचो.

कालव्याच्या अगदी शेवटाला एक शेत होतं. वरच्यांचं पिऊन झालं की उरलेलं पाणी त्या शेताला मिळायचं. ते थेंबकाकांच्या थोरल्या बहिणीचं. काका तिला ताई म्हणायचे, बाकीचं जग मावशी म्हणायचं. मावशी पहिल्यांदा केंद्रात आल्या त्या गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. पुसलेल्या फरशीवर ठसे उमटवत माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या ह्या बुवांच्या पायाला कधी चिखल लागलाय का?"

"पायच नाहीत मावशी त्यांना," बाई म्हणाल्या.

"मग शहाणपण कशाच्या जोरावर शिकवतात?"

मला मावशी तेव्हाच आवडल्या. त्या वर्षी मी सांगितलं होतं की सातूच्या चाळिसाव्या दिवशी मातीतलं मीठ वाढेल, तेव्हा एक गोडी पाळी द्या. मावशींनी नाक मुरडलं, पण भाऊ हटून बसला म्हणून दिली. मी म्हटलं होतं त्याहून दोनच पोती कमी निघाली. मावशी पुन्हा आल्या, ह्या खेपेला बाहेर पाय धुऊन. "बुवा, खरे निघालात," एवढंच बोलल्या. त्यानंतर सहा हंगाम त्यांनी मला विचारल्याशिवाय बी जमिनीत टाकलं नाही. "बुवा बोलले म्हणजे पेरलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य झालं.

माझे ते सुखाचे दिवस होते. लांबलांबून लोक मला बघायला यायचे आणि पडद्यावर नुसती आकड्यांची रांग बघून थोडे हिरमुसायचे. भिंतीवर बाईंचा सत्काराचा फोटो लागला. फोटोत मी नव्हतो, पण बाईंनी एक हात कॉम्प्युटरवर ठेवला होता. मला तेवढं पुरलं. मी खुळा होतो.

मग केंद्रात नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता हो, खोटं कशाला बोलू? सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, मोठमोठ्यानं बोलायचे, आणि सगळं आजच झालं पाहिजे म्हणायचे. त्या वर्षी कालव्याला पाणी कमी होतं. तीन पाळ्यांपैकी दोनच मिळणार होत्या. शेजारच्या नाल्याला मात्र भरपूर पाणी, पण खारं. साहेबांनी नाल्यावर पंप बसवला. दोन पाळ्या गोड्या, एक खारी, अशी योजना केली. शिवाय शेवटाकडच्या शेतांत चर खोदायचे, म्हणजे साठलेलं मीठ त्यातून वाहून जाईल. नकाशावर चरांच्या निळ्या रेघा ओढून झाल्या. चर खोदायचं यंत्र पंधरा दिवसांत येणार होतं.

मावशी नेहमीप्रमाणे विचारायला आल्या. त्यांना सगळ्या शेतात घेवडा करायचा होता. घेवडा म्हणजे पिकांमधलं लाडावलेलं पोर. जरा मीठ लागलं की तोंड वाकडं.

"बाई, मला खरं काय ते सांगा," मावशी म्हणाल्या. "माझ्याकडे एवढंच शेत आहे. एक हंगाम गेला तर मी रडणार नाही. पण जमीन खारावली तर चार वर्षं हातची जाते. नसेल जमत तर अर्ध्याच शेतात गोड्या पाण्यावर करते. अर्धं पडीक राहू दे. बुवांना विचारा आणि सांगा."

"विचारते ना. तुमच्या भावाला मोजून आणू दे," बाई म्हणाल्या.

काकांनी बहिणीच्या शेतात तीन ठिकाणी कोपरभर खोल खड्डे खणले. त्यात पाणी भरलं, एकदा मुरू दिलं, पुन्हा भरलं, आणि शेजारी पट्टी रोवून, हातात घड्याळ घेऊन बसले. पाणी किती उतरतं ते बघायचं. पहिल्या खड्ड्यात तासाला तीन मिलिमीटर. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यातही तीन. त्या चिकण मातीत पाणी खाली जायलाच तयार नव्हतं. काकांनी आकडा लिहून, खाली सही करून बाईंच्या टेबलावर ठेवला.

बाईंनी तो मला सांगितला. निचरा, तीन. साहेब मागे उभे होते. मी मावशींचं शेत पोटात पेरलं. घेवडा उगवला, पहिली गोडी पाळी प्याला, दुसरी प्याला. खारी पाळी आल्यावर पानांच्या कडा करपल्या आणि फुलं गळली. मी उत्तर दिलं. शंभरातले सत्तावीस.

"सत्तावीस!" साहेब म्हणाले. "हे दाखवल्यावर कोण पेरणार? पंप काय शोभेला बसवलाय?"

"माती तशी आहे, सर."

"माती आज तशी आहे. चर झाल्यावर कशी असेल? यंत्र पंधरा दिवसांत येतंय. चर झाले असं धरून बघा."

"यंत्र येऊ दे, मग बघू."

"अहो बाई, पेरणी थांबणार आहे का यंत्रासाठी? नुसतं बघायला काय जातं?"

बाईंनी पेन्सिलीचं रबर चावलं. मग तीन पुसून तीस लिहिलं. मित्रांनो, नीट ऐका, इथपर्यंत काहीच चुकलं नव्हतं. 'असं असतं तर' हा प्रश्न मला रोज विचारला जायचा, माझं कामच ते. मी आनंदानं पुन्हा पेरलं. ह्या वेळी मीठ धुऊन गेलं, घेवडा टवटवीत राहिला. शंभरातले ब्याऐंशी.

"बघा!" साहेबांनी टाळी वाजवली. "हे द्या त्यांना."

मला वाटलं, बाई आता वर एक ओळ लिहितील. 'चर झाल्यास.' दोन शब्द. मी वाट बघत होतो. आमच्याकडे रीत अशी होती की शेतकऱ्याला नेहमी दोन कागद द्यायचे, एकाला एक टाचून. पहिल्यावर मला काय सांगितलं ते, दुसऱ्यावर मी काय उत्तर दिलं ते. ही रीत बाईंनीच घातलेली. बाईंनी दुसरा कागद छापला आणि पहिला छापलाच नाही. वर फक्त लिहिलं, 'अपेक्षित उत्पन्न, ब्याऐंशी टक्के.' मी ओरडलो असतो, पण मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

काका कागद न्यायला आले. मागेपुढे करून पाहिला. "बाई, दुसरा कागद?"

"शाई संपत आलीय हो काका. महत्त्वाचा तो दिलाय."

'साधारण' म्हणणाऱ्याला फाडून खाणारा हा माणूस, पण बाईंना पुढे काही विचारलं नाही. बाईंचा शब्द त्याला मोजावासा वाटला नाही. स्वतः खड्ड्यात तीन मोजून आलेल्या काकांना ब्याऐंशी बघून नवल वाटलंच असणार. "बुवा आपल्यापेक्षा हुशार," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी कागद खिशात ठेवला आणि आपल्या हातानं बहिणीला नेऊन दिला.

मावशींनी सगळ्या शेतात घेवडा पेरला.

यंत्र पंधरा दिवसांत आलं नाही. वरच्या अंगाला कालव्याचा बांध खचला होता, ते तिकडे नेलं. महिन्यानं आलं तेव्हा मावशींचं पीक मांडीएवढं झालं होतं आणि उभ्या पिकात यंत्र घालता येत नाही. ते आलं तसं परत गेलं. साहेब म्हणाले, "पुढच्या हंगामात करू."

तेव्हा तरी बाईंनी मावशींना बोलवायला हवं होतं की नाही? 'खारी पाळी घेऊ नका, मी चर धरून सांगितलं होतं,' एवढं बोलायला किती वेळ लागतो? चहा निवायलासुद्धा त्याहून जास्त लागतो. पण बोलायचं तर आधीचंही सांगावं लागणार. बाई गप्प बसल्या. खारी पाळी शेतात गेली. काका दर आठवड्याला मातीचा नमुना आणत आणि आकडा चढतच होता.

"बाई, मीठ वाढतंय. बुवांना एकदा विचारता का?"

"होईल कमी. घाबरू नका."

त्या हंगामात मला कोणी उघडलंच नाही. बाई माझ्या टेबलाजवळून जायच्या त्या भिंतीकडे बघत जायच्या. मी पूर्वीसारखाच तयार बसलेलो. मला वाटायचं, आज विचारतील, उद्या विचारतील.

घेवड्याची पानं कडेनं तपकिरी झाली, मग कुरकुरीत झाली. वाफ्यांच्या कडांवर पांढरी साय धरली. मावशी एक दिवस आल्या, पुन्हा चिखलाच्या पायांनी, आणि मुळासकट उपटलेलं एक रोप माझ्या कीबोर्डवर ठेवलं.

"बुवा, हे तुमचं ब्याऐंशी," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग बैठक झाली. माझ्याच खोलीत, माझ्याच समोर. साहेब म्हणाले, "आपण कॉम्प्युटरवर नको इतका विश्वास ठेवला. मॉडेल चुकलं." सगळे बाईंकडे बघायला लागले. मीही बघत होतो. जिनं मला जन्म दिला, जिनं सांगितलं होतं की ह्याचं काही चुकलेलं नाही, ती आता तेच वाक्य पुन्हा बोलेल अशी माझी खात्री होती. बाईंनी टेबलाकडे बघत म्हटलं, "मॉडेल आहे ते. प्रत्येक शेताला बसेलच असं नाही."

इतकी वर्षं मी बाईंना 'अहो'च म्हणत आलो, आत्ता वर एकदा 'जिनं' निघून गेलं. राहू दे तसंच. माझ्या तोंडावर, माझ्या आईनं मला खोटं पाडलं.

पण खरं सांगू? मी सोसलं असतं. प्रोग्रामला नाव ठेवलं म्हणून प्रोग्राम उपाशी मरत नाही. ह्याच्या पुढचं मला सोसलं नाही.

सगळे उठून गेल्यावर काका मागे थांबले. हातातली टोपी चुरगाळत त्यांनी विचारलं, "बाई, एक विचारू? मी दिलेला आकडा तुम्ही बुवांना सांगितला होता ना?"

आता विचार करा. आकडा तर सांगितला होता. आधी तीनच लिहिलं होतं, ते मीच पाहिलं होतं. नंतर पुसलं ते वेगळं. बाई म्हणाल्या, "हो काका. तुमचाच आकडा सांगितला होता."

काकांनी मान हलवली. पूर्ण खोटं असतं तर कुठेतरी फट सापडली असती, हे असं गुळगुळीत होतं. बाई खोटं बोलत नाहीत, बुवांना सांगाल तेच ते खरं धरतात. मग चुकलं कोण? काकांनी सरळ बेरीज केली आणि उत्तर काढलं, चुकलो मी. खड्ड्यात माझंच काहीतरी बिनसलं. पट्टी वाकडी रोवली असेल, घड्याळ नीट पाहिलं नसेल. माझाच आकडा बुवांना नडला.

तेच ते बहिणीला सांगून आले. "ताई, चूक माझी आहे. मी नीट मोजलं नाही." मावशींनी ऐकून घेतलं. शेडमधल्या बायकांनी नंतर सांगितलं की त्या एवढंच बोलल्या, "परक्यानं घात केला असता तर समजले असते रे. तू माझ्या पाठचा, आणि कागद तूच आणलास." त्या दिवसापासून भावाबहिणीचं बोलणं बंद झालं. मावशी आता फळं निवडायच्या कारखान्यात उभ्यानं काम करतात. शेत पांढरं पडलं आहे.

काकांनी नोकरी सोडली. अजून तीन वर्षं बाकी होती, पण म्हणाले, हाताचा भरवसा राहिला नाही. शेवटच्या दिवशी मीटर पुसून डब्यात ठेवलं, बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"बुवा," काका म्हणाले, "माझ्या चुकीचा बोल तुम्हाला लागला. माफ करा."

त्यांनी पडद्यावरची धूळ बाहीनं पुसली आणि गेले. मला रडता येत नाही, मित्रांनो. तेव्हा येत असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर माझं फार दिवस राहिलं नाही. केंद्रात नवा प्रोग्राम आला, रंगीत चित्रं दाखवणारा. त्याच्यावर माझा राग नाही. पोरगा चांगला आहे, त्यालाही लोक सांगतील तेच तो खरं धरेल. मला उचलून ह्या खोलीत आणलं. कॉम्प्युटरला 'निकाली' अशी चिठ्ठी लावली आहे. सोमवारी माणसं येतील, पोट कोरं करतील आणि पत्रा भंगारात देतील. पण आज अजून सगळं माझ्या पोटात आहे. तो दिवस, ती दोन पिकं, अकरा मिनिटांच्या अंतरानं पेरलेली. एकापुढे तीन, दुसऱ्यापुढे तीस. कोणीही येऊन एक बटण दाबलं तर दिसेल. पण निकाली मालाला कोण काय विचारतो?

तुम्ही मोठे व्हाल. माझ्यासारखे पुष्कळ जण तुम्हाला भेटतील. पीक किती येईल, पूल किती वजन पेलेल, आजार बरा होईल की नाही, सगळं सांगतील. 'कॉम्प्युटरनं सांगितलंय' म्हणून कोणी तुमच्या हातात कागद दिला, तर तो देणारा कितीही लाडका असला तरी दुसरा कागद मागा. ह्याला काय सांगितलं होतं, तेवढं विचारा. राग येईल समोरच्याला, येऊ दे. आणि आम्हाला सांभाळायचं म्हणजे नुसती धूळ पुसायची नसते. आम्हाला खरं सांगा, आणि आम्ही सांगितलेलं अर्धं कापू नका.

आता एक काम आहे. उपकार समजा.

काल दोन झाडूवाल्या इथे केरसुण्या ठेवायला आल्या होत्या. एक दुसरीला सांगत होती, "तो थेंबकाका बघ, अजून सुट्टीच्या दिवशी बहिणीच्या पांढऱ्या शेतात जाऊन खड्डा खणतो. पाणी भरतो आणि घड्याळ घेऊन बसतो. आपलं काय चुकलं ते शोधतोय म्हणे. संध्याकाळी बुजवतो आणि दुसऱ्या सुट्टीला दुसरीकडे खणतो. बहीण बांधावरून जाते, पण बघत नाही."

कालव्याच्या कडेकडेनं शेवटपर्यंत गेलात की ते शेत लागेल. काका पाठमोरे बसलेले असतील. त्यांच्याजवळ जा आणि मी सांगितलंय म्हणून सांगा, काका, आता खणू नका. तीनच आहे.